मोजणी

उद्यमबागेत, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या शेडमध्ये
आमची रिंग आहे. तीन दोर.
चौथा गेल्या मार्चपासून येतोय.
दारावरच्या पाटीला दोनदा डांबर लागलं,
एकदा ह्यांच्याकडून, एकदा त्यांच्याकडून.
तिसऱ्यांदा सुभेदार सांबरेकरांनी पाटीच उतरवली
आणि खिळ्याला एक फाटका ग्लव्ह टांगला.
आता पोस्टमनही चुकत नाही.

खरी अडचण मोजणीची होती.
‘एक, दोन’ म्हटलं की गोकाकचा बसलिंग हात खाली टाकायचा,
‘ओंदु, एरडु’ म्हटलं की येळ्ळूरची पोरं
मुद्दाम तिसऱ्याला दुसरा ठोसा मारायची.
एका संध्याकाळी सुभेदार शिट्टी थुंकून म्हणाले,
उनो. दोस. त्रेस.
ती भाषा कुणाच्याच आईची नव्हती.
कुणी भांडलं नाही.

पटियाळ्याला त्यांना एक क्यूबाचा कोच होता.
नाव विसरलेत. बूट आठवतात,
टाचा कोऱ्या, चवडे पार झिजलेले.
“टाच टेकली की संपलं बघ.”
सर्व्हिसेसच्या कॅम्पात त्याच्या एका पोराशी
ते दोन राउंड खेळले होते.
“माझे सगळे ठोसे लागले,” सांगतात,
“वाऱ्याला.”

तेव्हापासून जगात एकच टीम.
हवाना त्यांनी पाहिलेलं नाही,
समुद्रसुद्धा एकदाच, वेंगुर्ल्यात, मेहुण्याच्या लग्नात.

पॅरिस झाल्यावर भरमानं मोबाईल पुढं धरला:
पाच सुवर्णं उझबेकांची.
क्यूबाचं एक, आणि एक कांस्य.
चष्मा नव्हता, सुभेदारांनी मोबाईल हातभर लांब नेला,
मग आणखी लांब,
जणू आकडा दुरून वेगळा दिसेल.
“एक हाय न्हवं?”

आम्ही गप्प. भरमा गप्प बसणारा नाही.
तिथली चांगली पोरं पळून जातात, म्हणाला,
पैशासाठी खेळतात, रात्रीत नाव बदलल्यासारखी.
आता टीम म्हणजे नुसता निळा-लाल बनियन.
सुभेदार बॅगेची साखळी बघत राहिले.
आमचेही तिघे गेलेत.
एक पोलिसात. एक कुठं ते माहीत नाही.
आणि राज्याचं रौप्य आणलेला परशा मुतगेकर
गोव्यात एका क्लबच्या दारात उभा असतो,
लोकांना हात न लावता मागं सारतो.
“पोट आहे,” ते म्हणाले.
“हवाना काय, हलगा काय.”

तेवढ्यात बसलिंग, खाली मान घालून, अगदी प्रामाणिकपणे:
“सर, मग आता उझबेकमध्ये मोजायचं काय?”
हसावं की नाही कुणालाच कळेना.
“येतंय काय गा तुला?”
“नाही सर.”
“मग शीक. खरं तोवर...”
आणि वाक्य तिथंच सोडून
त्यांनी दोरीवरच्या उड्या मोजायला घेतल्या,
नेहमीपेक्षा मोठ्यानं,
बाहेर उभा असलेला टेम्पोवाला वळून बघेपर्यंत.

मी हे सगळं विसरले होते.
शिमोग्याला, दुसऱ्या राउंडमध्ये,
मंगळूरच्या पोरीचा डावा मला दिसलाच नाही.
छत दिसलं. त्यावर एक कबुतर.
रेफरी इंग्रजीत मोजत होता, बोटं दाखवत,
आणि त्याच्या आवाजाखालून
कुणीतरी सांबऱ्याच्या हेलात क्यूबा मोजत होतं.
सेइसला मी उभी होते.
उरलेले दोन त्याचे त्यानं मोजले.

तीन-दोननं हरले.
रात्रीच्या बसनं परत, पहाटे शेडवर गेले
तर सुभेदार बादलीत पट्ट्या भिजवत होते.
निकाल विचारला नाही.
“टाच?”
“वर होती.”
“शेवटपर्यंत?”
मी जरा वेळ घेतला. खोटं बोलता आलं असतं.
“पडले तेवढं सोडून.”
त्यांनी एक पट्टी पिळली,
दोरावर टाकली, सारखी केली,
आणि म्हणाले, “पडताना कुणाचीच नसते.
त्यांचीबी नसते.”